धुक्यातील क्षितिज : एल्मर स्पेरी

परिचय

विमान रात्रीच्या अंधारातून किंवा दाट ढगांतून जात असते, तेव्हा वैमानिकाला खिडकीबाहेर काहीही दिसत नाही. जमीन कोणीकडे आहे, विमान सरळ आहे की एका बाजूला झुकले आहे, हे त्याला समोरच्या दर्शक यंत्रांवरूनच ओळखावे लागते. या यंत्रांत सर्वांत महत्त्वाचे स्थान 'कृत्रिम क्षितिज' या यंत्राचे आहे. हे यंत्र ज्यांच्या कारखान्यात आकाराला आले, त्या एल्मर अँब्रोझ स्पेरी या अमेरिकन अभियंत्याचे चरित्र या पाठात थोडक्यात सांगितले आहे. माणसाच्या जाणिवा कोठे अपुऱ्या पडतात आणि यंत्राने त्याला साहाय्य कसे करावे, याचाही विचार या पाठातून घडतो.

बालपण

एल्मर स्पेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६० रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सिनसिनेटस या लहानशा गावी झाला. त्यांच्या जन्मानंतर लगेचच त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कामानिमित्त सतत फिरतीवर असत. त्यामुळे आजी-आजोबा आणि आत्या हेलन यांनीच या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. शेतीवाडीच्या वातावरणात वाढणाऱ्या एल्मर यांना लहानपणापासून यंत्रांची विलक्षण ओढ होती. चाक का फिरते आणि फिरताना कशामुळे अडते, हे पाहण्यात ते रमून जात.

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या एल्मर यांनी ते पाहिले. वाफेवर चालणारी अजस्र यंत्रे पाहून आपण यंत्रांचेच काम करायचे, हा त्यांचा निश्चय पक्का झाला. कोर्टलँड येथील अध्यापक विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. जवळच्या कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक अँथनी यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. मात्र अभियांत्रिकीची रीतसर पदवी त्यांनी घेतली नव्हती. त्यांचे पुढील शिक्षण कार्यशाळेतच झाले.

दिव्यांपासून सुरुवात

त्या काळी रस्त्यांवर आणि कारखान्यांत विजेचे आर्क दिवे नुकतेच लागू लागले होते. या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या असत आणि त्यांच्यामधील फटीत प्रखर प्रकाश निर्माण होई. कांड्या जळून आखूड झाल्या की फट वाढे आणि दिवा फडफडू लागे. ही फट आपोआप योग्य राखणारी योजना स्पेरी यांनी केली. विजेची मागणी कमीजास्त झाली तरी प्रवाह कायम ठेवणारे जनित्रही त्यांनी तयार केले. विशीत असतानाच त्यांनी शिकागो येथे स्वतःची कंपनी काढली.

या पहिल्या कामातच त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र दिसून येते. यंत्राला आपली चूक आपणच कळली पाहिजे आणि ती त्याने आपणच सुधारली पाहिजे, या विचाराने ते काम करीत. दिवा, कोळशाच्या खाणीतील यंत्रे, विजेवर चालणारी ट्राम, विजेची मोटारगाडी अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी शोध लावले. त्यांच्या नावावर साडेतीनशेहून अधिक पेटंट नोंदली गेली. १८८७ साली त्यांचा झुला गुडमन यांच्याशी विवाह झाला. हेलन, एडवर्ड, लॉरेन्स आणि एल्मर ही त्यांची चार मुले.

भोवऱ्याचे सामर्थ्य

वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर स्पेरी यांचे लक्ष जायरोस्कोपकडे वळले. जायरोस्कोप म्हणजे एक प्रकारचा भोवराच होय. जोरात फिरणारा भोवरा आपल्या आरीवर ताठ उभा राहतो, हे आपण पाहतो. जड चाक वेगाने फिरत ठेवून ते एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये मोकळे टांगले, तर बाहेरची चौकट कशीही हलवली तरी चाकाचा आस आपली दिशा सोडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लेओन फूको यांनी १८५२ साली या साधनाच्या साहाय्याने पृथ्वीचे फिरणे दाखवून दिले होते आणि त्याला जायरोस्कोप हे नावही दिले होते. मात्र पुढे कित्येक वर्षे ते प्रयोगशाळेतील आणि खेळण्यांच्या दुकानातील कुतूहलाची वस्तू म्हणूनच राहिले.

ही वस्तू व्यवहारात आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत स्पेरी अग्रभागी होते. लाटांवर डोलणारे जहाज स्थिर राखण्यासाठी त्यांनी प्रचंड आकाराचे जायरोस्कोप बनवले. १९१० साली त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्पेरी जायरोस्कोप कंपनीची स्थापना केली. पोलादी जहाजांवर चुंबकीय होकायंत्र दिशा नीट दाखवत नसे, कारण जहाजाचे पोलाद चुंबकसूचीला आपल्याकडे ओढी. जायरोस्कोपवर आधारित होकायंत्राला चुंबकाची गरजच नव्हती. जर्मनीत हेर्मान अन्शूट्झ-केम्फे यांनी असे होकायंत्र आधीच तयार केले होते. स्पेरी यांनी आपले होकायंत्र १९११ साली अमेरिकन युद्धनौकेवर बसवले. या दोघांमध्ये पेटंटवरून वाद होऊन प्रकरण जर्मनीतील न्यायालयात गेले. तेथे तज्ज्ञ म्हणून अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे मत घेण्यात आले आणि निकाल अन्शूट्झ यांच्या बाजूने लागला. तरीही स्पेरी यांचे काम थांबले नाही. अमेरिकेच्या आणि इतर देशांच्या नौदलांत त्यांच्या होकायंत्रांचा प्रसार झाला. पहिल्या महायुद्धात त्यांची साधने तोफांचा नेम साधण्यासाठीही वापरली गेली.

आकाशातील प्रात्यक्षिक

स्पेरी यांचा मुलगा लॉरेन्स हा विमानांच्या वेडाने झपाटलेला होता. जहाज स्थिर राखणारा जायरोस्कोप विमानही स्थिर राखू शकेल, अशी पितापुत्रांची खात्री होती. त्यांनी त्या दृष्टीने लहान व हलके यंत्र तयार केले. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर विमानसुरक्षेची स्पर्धा भरली होती. एकवीस वर्षांचा लॉरेन्स आपले विमान प्रेक्षकांसमोर घेऊन आला. त्याने दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि त्याच वेळी त्याचा फ्रेंच साहाय्यक एमिल काशॅं विमानाच्या पंखावर चालत गेला. एका बाजूला भार पडूनही विमान कलंडले नाही. यंत्राने तोल सावरला. पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक लॉरेन्सला मिळाले. त्याच वर्षाचा अमेरिकेतील मानाचा कॉलियर करंडक एल्मर स्पेरी यांना देण्यात आला.

शरीराची फसवणूक

विमान आपोआप सरळ राखणारे यंत्र तयार झाले, पण त्यामुळे वैमानिकाचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. ढगांत शिरल्यावर विमान नेमके कसे आहे, हे त्याला कळत नसे. अनेक अनुभवी वैमानिकांना वाटे की, कुशल माणसाला विमानाचा झुकाव बसल्या जागी शरीरालाच कळतो. ही समजूत अनेकांच्या जिवावर बेतली.

माणसाच्या कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव किंचित मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. मात्र एकाच गतीने वळत राहिले, तर काही सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. नंतर वळणे थांबले तरी द्रव पुढे सरकत राहतो आणि आपण उलट दिशेने फिरत आहोत असे वाटते. फुगडी घालून एकदम थांबले की भोवतालचे जग फिरताना भासते, त्याचे कारण हेच.

फुगडी घालणाऱ्याला पायाखाली जमीन असते आणि डोळ्यांसमोर घरदार असते, म्हणून तो क्षणात सावरतो. ढगातील वैमानिकाला यांपैकी काहीच नसते. समजा, त्याचे विमान डावीकडे झुकून हळूहळू वळत आहे. काही वेळाने त्याला ते सरळच जात आहे असे वाटू लागते. विमान खरोखर सरळ केले की आपण उजवीकडे वळत आहोत असा भास होतो आणि तो पुन्हा विमान डावीकडे झुकवतो. वळणात विमान खाली येऊ लागते. उंची कमी होताना पाहून तो विमानाचे नाक वर ओढतो, पण झुकलेल्या विमानात त्यामुळे वळण अधिकच आवळत जाते. जमीन दिसू लागते तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

येथे ओळंबाही उपयोगी पडत नाही. व्यवस्थित घेतलेल्या वळणात सर्व वस्तू विमानाच्या तळाकडेच दाबल्या जातात. हातातील पेल्यामधले पाणी सांडत नाही आणि टांगलेला ओळंबा विमानाच्या तळाकडेच बोट दाखवतो. म्हणजे कान फसतो तसाच ओळंबाही फसतो. अशा वेळी न फसणारी वस्तू विमानात एकच असू शकते, ती म्हणजे वेगाने फिरणारा जायरोस्कोप.

पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पेरी यांच्या कंपनीने वळण दाखवणारे यंत्र तयार केले. विमान डावीकडे वळले की त्याचा काटा डावीकडे आणि उजवीकडे वळले की उजवीकडे सरके. अमेरिकन लष्करातील वैमानिक विल्यम ऑकर यांनी १९१८ साली त्याची चाचणी घेतली. ढगांत शिरल्यावर काटा एक सांगत होता आणि त्यांचे शरीर दुसरेच. त्यांनी शरीरावर विश्वास ठेवला आणि त्यांचे विमान गरगरत ढगाबाहेर पडले. यंत्र अचूक होते, पण त्यावर माणसाचा विश्वास बसला नव्हता.

पुढे १९२६ साली लष्करी डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी ऑकर यांना गोल फिरणाऱ्या खुर्चीत डोळे मिटून बसवले. खुर्चीची गती कमी होताच आपण थांबलो किंवा उलट फिरू लागलो, असे ऑकर यांना वाटले. इतका अनुभवी वैमानिक फिरण्याची दिशा ओळखू शकला नाही. तेव्हा ढगातील त्या प्रसंगाचा उलगडा त्यांना झाला. मग ऑकर यांनी एका पेटीत वळणदर्शक यंत्र बसवले आणि खुर्चीत फिरताना केवळ त्या यंत्राकडे पाहून बरोबर दिशा सांगून दाखवली. शरीराच्या भासाकडे दुर्लक्ष करून यंत्रावर विश्वास ठेवणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे त्यांनी इतर वैमानिकांना पटवून दिले.

खाडीवरील आघात

याच सुमारास स्पेरी कुटुंबावर मोठा आघात झाला. १३ डिसेंबर १९२३ रोजी लॉरेन्स आपल्या छोट्या विमानातून एकटाच इंग्लंडहून फ्रान्सकडे निघाला. इंग्लिश खाडीवर धुके पसरले होते. पलीकडचा किनारा गाठण्याआधीच विमान पाण्यात उतरले. विमान सापडले, पण लॉरेन्स सापडला नाही. पुढच्या महिन्यात त्याचा मृतदेह मिळाला. मृत्यूसमयी त्याचे वय एकतीस वर्षांचे होण्यास आठच दिवस उरले होते.

जन्मतःच आई गमावलेल्या स्पेरी यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कर्तबगार मुलाचा मृत्यू पाहावा लागला. पॅरिसच्या आकाशात हात उंचावून उभ्या राहिलेल्या या मुलाने वडिलांच्या शोधाला पंख दिले होते. त्याच्या पश्चात विमानविद्येकडे पाठ फिरवणे स्पेरी यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी तसे केले नाही. आगगाडीच्या रुळांतील दोष शोधणारी गाडी, जहाजाचे सुकाणू आपोआप धरणारे यंत्र अशी कामे चालू असतानाच वैमानिकांच्या दर्शक यंत्रांचे कामही त्यांच्या कंपनीत चालूच राहिले.

काचेतील क्षितिज

१९२८ साली गुगेनहाइम निधीने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल विमानतळावर धुक्यातील उड्डाणाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू केली. लष्करी अधिकारी जेम्स डुलिटल तिचे प्रमुख वैमानिक होते. ते धाडसी उड्डाणांसाठी प्रसिद्ध होते, तसेच विमानविद्येतील डॉक्टरेटही त्यांनी मिळवली होती. उपलब्ध यंत्रे धुक्यात उतरण्यासाठी पुरेशी नाहीत, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

उणीव यंत्रांच्या अचूकतेत नव्हती, तर ती माहिती कशी सांगत त्यात होती. वळणदर्शकाचा काटा वळण्याची गती सांगे, पण विमान किती झुकले आहे ते सांगत नसे. वेगमापक, उंचीमापक, होकायंत्र यांचे काटे आपापली एकेक गोष्ट सांगत. या साऱ्या काट्यांची बेरीज करून विमान अवकाशात कसे आहे, याचे चित्र वैमानिकाला मनातल्या मनात उभे करावे लागे. शांत खोलीत हे जमते. पण विमान हेलकावत असताना, शरीर खोटी साक्ष देत असताना आणि जमीन जवळ येत असताना ही बेरीज करायला वेळ नसतो. वैमानिकाला अनेक आकड्यांऐवजी एक चित्र हवे होते.

डुलिटल स्पेरी यांच्याकडे आले. दिशा आणि क्षितिज या दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर दाखवणाऱ्या यंत्राचे रेखाटन त्यांनी पुढे ठेवले. असे यंत्र बनवता येईल, पण दोन स्वतंत्र यंत्रे बनवणे अधिक सोपे होईल, असा सल्ला स्पेरी यांनी दिला. हे काम त्यांनी आपल्या धाकट्या मुलावर, एल्मर धाकटे यांच्यावर सोपवले. त्यातून दिशा दाखवणारा जायरो आणि कृत्रिम क्षितिज ही दोन यंत्रे तयार झाली.

कृत्रिम क्षितिजाची रचना दिसायला अगदी साधी होती. गोल काचेच्या आत एक आडवी पट्टी होती आणि तिच्यापुढे विमानाची छोटी आकृती होती. आकृती यंत्राच्या डब्याला पक्की जोडलेली असल्याने ती विमानाबरोबरच हले. पट्टी मात्र आतल्या जायरोस्कोपला जोडलेली होती. विमान कसेही झुकले तरी ही पट्टी बाहेरच्या खऱ्या क्षितिजाला समांतर राही. विमानाचे नाक वर गेले की आकृती पट्टीच्या वर दिसे, नाक खाली गेले की पट्टीच्या खाली. विमान डावीकडे झुकले की आकृतीचा डावा पंख पट्टीखाली जाई. एका दृष्टिक्षेपात वैमानिकाला आपली स्थिती कळे. धुक्याने झाकलेल्या जगाकडे उघडणारी ती जणू एक लहानशी खिडकी होती.

आच्छादनाखालची पंधरा मिनिटे

२४ सप्टेंबर १९२९ रोजी या यंत्रांची कसोटी लागली. दोन बैठकांच्या विमानात मागच्या बैठकीवर डुलिटल बसले. त्यांच्या डोक्यावर कापडी आच्छादन पूर्णपणे ओढून घेतले होते. त्यांना आकाश दिसत नव्हते की जमीन. पुढच्या बैठकीवर लेफ्टनंट बेंजामिन केल्सी बसले होते. काही धोका निर्माण झाला तरच त्यांनी विमान हाती घ्यायचे होते. आपण विमानाला हात लावलेला नाही हे खाली उभ्या असलेल्यांना दिसावे, म्हणून ते हात बाहेर ठेवीत.

डुलिटल यांच्यासमोर स्पेरी यांची दोन यंत्रे, पॉल कोल्समन यांनी बनवलेला अतिशय संवेदनशील उंचीमापक आणि धावपट्टीची दिशा दाखवणारे रेडिओ यंत्र होते. त्यांच्यावर नजर ठेवून त्यांनी विमान उडवले, आकाशात वळवले, परत आणले आणि उतरवले. सारे उड्डाण सुमारे पंधरा मिनिटांचे होते. बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या साहाय्याने उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा संपूर्ण प्रवास त्या दिवशी प्रथमच पूर्ण झाला.

त्या वर्षी स्पेरी अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेचे अध्यक्ष होते. कंपनीची मालकी त्यांनी त्याआधीच सोडली होती. १९२९ सालीच टोकियो येथे भरलेल्या जागतिक अभियांत्रिकी परिषदेत त्यांनी अमेरिकन प्रतिनिधींचे नेतृत्व केले. १६ जून १९३० रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले.

स्पेरी यांच्यानंतर

पुढील काळात कृत्रिम क्षितिज प्रत्येक प्रवासी विमानाचा अविभाज्य भाग बनले. त्याला वैमानिकासमोर मधोमध स्थान मिळाले. डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा अशी मांडणी रूढ झाली, म्हणजे विमान बदलले तरी नजरेला शोधाशोध करावी लागत नाही. क्षितिजाच्या वरचा भाग निळा आणि खालचा भाग तपकिरी रंगवला जाऊ लागला. आजच्या विमानांत फिरत्या चाकाऐवजी प्रकाशकिरणांवर चालणारी साधने असतात आणि क्षितिज संगणकाच्या पडद्यावर उमटते. पण पडद्यावरील चित्र मुळात तेच आहे.

हे चित्र चुकले किंवा त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला तर काय घडते, याची उदाहरणेही इतिहासात आहेत. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे विमान दुबईकडे निघाले. उड्डाणानंतर ते उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले. परंतु कॅप्टनसमोरील कृत्रिम क्षितिज बिघडून उजवा झुकावच दाखवत राहिले. बाहेर अंधारा समुद्र होता, खरे क्षितिज दिसत नव्हते. कॅप्टनने विमान डावीकडे झुकवले आणि ते झुकतच गेले. काही क्षणांत ते वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. समोर एकच चित्र असणे पुरेसे नाही, ते दुसऱ्या चित्राशी पडताळून पाहण्याची सवयही हवी, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण रशियातील आहे. तेथील अनेक जुन्या विमानांतील यंत्रात क्षितिजाची पट्टी स्थिर राही आणि विमानाची आकृती झुके. स्पेरी यांच्या रचनेच्या हे नेमके उलट होते. दोन्ही रचना खरे तेच सांगतात, पण एका रचनेची सवय झालेला डोळा दुसरीकडे पाहून गोंधळू शकतो. २००८ साली पेर्म शहराजवळ झालेल्या विमान अपघातात ८८ जण दगावले. त्याच्या चौकशीत वैमानिकाच्या या गोंधळाचाही उल्लेख झाला.

म्हणून दर्शक यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी यंत्र अचूक करण्यापाशी संपत नाही. थकलेल्या, घाबरलेल्या आणि स्वतःच्याच शरीराने फसवलेल्या माणसाला ते एका क्षणात समजले पाहिजे. एल्मर स्पेरी यांनी आयुष्यभर आपली चूक आपणच ओळखणारी यंत्रे घडवली. आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या कार्यशाळेतून जे यंत्र बाहेर पडले, ते माणसाला त्याची चूक वेळेवर दाखवून देणारे होते. आज ढगांतून सुखरूप उतरणाऱ्या प्रत्येक विमानात ती आडवी रेषा वैमानिकाची सोबत करीत असते.

शब्दार्थ

क्षितिज – आकाश आणि जमीन जेथे टेकल्यासारखी दिसतात ती रेषा
अजस्र – फार मोठे, प्रचंड
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
आस – चाक ज्याभोवती फिरते तो दांडा किंवा ती रेषा
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
ओळंबा – उभी सरळ रेषा पाहण्यासाठी दोरीला बांधलेले वजन
तबकडी – यंत्रावरील आकडे किंवा खुणा असलेला गोल भाग
आच्छादन – झाकण, आवरण

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्पेरी यांचा सांभाळ कोणी केला?
(आ) पोलादी जहाजांवर चुंबकीय होकायंत्र दिशा नीट का दाखवत नसे?
(इ) केल्सी आपले हात बाहेर का ठेवीत?

२. प्रत्येकी पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ढगांत वैमानिकाचे शरीर त्याला कसे फसवते ते स्पष्ट करा.
(आ) वळणदर्शक यंत्र आणि कृत्रिम क्षितिज यांतील फरक सांगा.
(इ) १९७८ च्या मुंबईतील विमान दुर्घटनेपासून कोणता बोध घेता येतो?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
जिवावर बेतणे, पाठ फिरवणे, कसोटी लागणे.

४. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी वापरात असलेल्या एखाद्या यंत्राचे निरीक्षण करा. त्यावरील खुणा, दिवे किंवा काटे चटकन समजतात का? ते अधिक सोपे करण्यासाठी काय बदल करता येईल, ते आठ-दहा ओळींत लिहा.